साखरेचा घोट

सेनगावच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला प्रयोग चालला होता. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दोन ग्लासांतला एकेक घोट घ्यायचा आणि साखरेचा कोला कोणता, डाएट कोणता ते सांगायचं. पोरापोरींचे अंदाज चुकत होते. शिवकन्यानं मात्र दहाच्या दहा वेळा बरोबर सांगितलं.

"जीभ भारीच आहे की तुझी," बाई म्हणाल्या.

"आमच्या बापूची माझ्याहून पक्की होती," रुमाल न सोडताच ती म्हणाली. "त्यांना शुगर होती. कोल्याचा लई नाद, म्हणून चार वर्षं डाएटवालाच देत होतो. मग दवाखान्यातल्या डॉक्टरनं आईला बाजूला घेतलं अन् म्हणला, घरी न्या, आता जे मागतील ते द्या. बापूला आमी काईच कळू दिलं न्हाई. घरी आल्यावर मी साखरेचा कोला ग्लासात ओतून दिला."

"आवडला असेल त्यांना."

"एकच घोट घेतला, बाई. ग्लास खाली ठेवला अन् आईला म्हणले, 'किती दिस सांगितले डॉक्टरनं?'"