तीन फेऱ्या

बाळकृष्णराव सरांनी फुटबॉलची जिल्हा ढाल सलग अकरा वर्षं आपल्या हायस्कुलाबाहेर जाऊ दिली नाही. गुपित एवढंच, की उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या तीन फेऱ्या. १९६३ साली लेक कनकलता लग्नाची झाली. पण तंजावुरात मराठी घरं मोजकी, आणि त्यांतला प्रत्येक उपवर मुलगा सरांच्या शिट्टीखालून गेलेला. "सासरे म्हणून सर? नको रे देवा!" म्हणत चौघांनी पत्रिका परत पाठवल्या.

पाचवा वादिराज, सरांचा जुना गोलकीपर, आता कलेक्टर कचेरीत कारकून. आईला घेऊन मुलगी पाहायला आला तो दहा मिनिटं उशिरा. सवयीनं सरांची नजर तेवढी मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. वादिराजनं हातातली फळं आईकडे दिली, नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि अंगणातल्या तुळशीभोवती धावायला सुरुवात केली. त्याच्या आईनं कपाळावर हात मारला.


तिसरी फेरी पुरी व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीतून कनकलतेचा आवाज आला, "अप्पा, हाच ठरवा! याला तर तोंडानं सांगावंही लागत नाही."