जड बाजू

हवाई दलातून निवृत्त झालो आणि सत्त्याऐंशी साली चंदीगडच्या घरी, गॅरेजमध्ये, हेलिकॉप्टर बांधायला घेतलं. पात्यांचा तोल बघायचं यंत्र कुठे मिळेल, एवढंच बाजारात विचारत होतो. पंजाबात अतिरेक्यांचे दिवस; एकाने शटर ओढलं, दुसऱ्याने पोलीस बोलावले. "इन दिनों हेलिकॉप्टर, साहबजी?" ठाणेदार तेच तेच विचारत राहिला.

वैतागून मीच छताच्या साखळीला मधोमध दांडा टांगला. दोन्ही टोकांना पाती बसवली, मध्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली. तोल नसला तर हेलिकॉप्टर हवेतच खिळखिळं होणार.

डावी बाजू खाली गेली. उजव्या पात्याला चिकटपट्टी लावली, अख्खं रीळ संपवलं. डावी खालीच. पट्टी सोलून काढली, पाती अदलाबदल करून बघितली, तरी डावीच.

तिरीमिरीत डावीकडचं पातं काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. दांडा डुलला, हळूहळू आडवा झाला. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला.

उल्का चहा घेऊन दारात आली. "अहो, जमलं की एकदाचं," ती म्हणाली.

मग दांड्याच्या रिकाम्या टोकाकडे बघत तिने पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरावा तसा.