पडल्याची नोंद

कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अनुजाच्या हाताचा एक्स-रे बघताच डॉक्टर तेजस्वीच्या लक्षात आलं. माणूस पडला की बहुधा मनगट मोडतं. काठीचा मार अडवायला हात आडवा धरला, की हाड असं मधोमध मोडतं.

"कशानं झालं?" तिनं विचारलं.

"पायरीवरनं पडली की. तेवढंच लिवा," म्हणत नवऱ्यानं अनुजाचा धड हात करकचून दाबला. अनुजानं होकारार्थी मान हलवली.

मागं उभ्या असलेल्या सासूनं, तानाबाईनं, पदराखालचा आपला हात टेबलावर ठेवला. तोही मधोमध वाकडा जुळलेला होता.

"चाळीस वर्सांमागं ह्याच दवाखान्यात मीबी पडले म्हणूनच सांगितलं हुतं," ती म्हणाली.

 

"लिवा बाई, माझ्या लेकानं मारलंय."