पाटावरचं ड्रिल

चौऱ्याऐंशी सालच्या खंडेनवमीला बो बासेंहून मुलीकडची मंडळी जयदेवला बघायला मॉरिशसमधल्याच रोझ बेलला येणार होती, म्हणून त्यानं हत्यारांच्या पूजेतून बापाचा ऊसतोडीचा कोयता उचलून न्हाणीमागं गोणपाटाखाली दडवला. पाटावर मांडलं बिनवायरचं ड्रिल. बॅटरी मेली म्हणून साखर कारखान्याच्या गोऱ्या मुस्येनं, म्हणजे साहेबानं, ते फेकलं होतं; जयदेवनं बॅटरीचा डबा फोडून नवे सेल जोडले, तसं भिंगरीसारखं फिरू लागलं. बाप पूजेला बसला. “कोयता कुठाय रे?” “आज नको, बाबा. लोक काय म्हणतील?” “वा रे पठ्ठ्या! मुस्येचं मेलेलं हत्यार उठवलंस आणि घरातलं जितं पुरलंस?” बापानं त्याच कोयत्यानं दोन बोटं तुटलेला हात ड्रिलशेजारी ठेवला. “घे, हाही दडव.” पाहुणे दारात आले आणि त्या नालायकानं खरंच बापाच्या हातावर रुमाल टाकला. पाहुणे ड्रिलचं कौतुक करत राहिले. जयदेवची मान वर होईना.