निळी पट्टी

तीन दिवस क्रूझवरचा पहारेकरी जुईलीला जिन्यावरूनच परत पाठवत होता. वरचा डेक फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी होता. आज तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. मनगटावर मोठ्यांची निळी पट्टी मिरवत, धाकट्या भावाला वेडावून दाखवत ती ऐटीत वर गेली.

कठड्याशी आई केस मोकळे सोडून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून बाबा कसलंसं गाणं गुणगुणत होते. घरी आजी-आजोबांसमोर ही दोघं एका सोफ्यावरसुद्धा बसत नसत.

जुईली पाऊल न वाजवता खाली उतरली.

“एवढ्यात आलीस?” भावाने विचारलं.

“हो.” तिने पट्टी बाहीखाली सरकवली. “अजून वय नाही झालं म्हणे माझं.”