बगळा जवळ येईपर्यंत

यवतमाळच्या सलीलने आजवर पक्ष्यांचे व्हिडिओ काढले ते सगळे बेंबळा धरणाच्या काठावर. यंदा पहिल्यांदाच तो कोकणात आला आणि खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून, एका बगळ्यावर कॅमेरा रोखून उभा राहिला. बगळा काही जवळ येईना.

"अव अनघा, पाणी वाढून राह्यलं इथं," त्याने बायकोला फोनवर हळूच सांगितलं.

"धरणाचं दार उघडलं असन. करतीन बंद. तू हालू नको, बगळा उडून जाईन!"

सलीलला पटलं. पाणी कमरेला आलं, मग छातीला. ओठाला लागलं तेव्हा ते खारट होतं.



मग बगळा जवळ आला. बसायला तेवढीच एक कोरडी जागा उरली होती, सलीलची टोपी.