पाचवी काचपट्टी

"अखेरच्या सकाळीही पाचही काचपट्ट्या अभंग होत्या, सबब इमारत खचत असल्याची पूर्वसूचना मिळाली नाही." कंपनीच्या अहवालातले हे वाक्य प्राध्यापिकेने चौकशी समितीपुढे दोनदा वाचले आणि मग शांतपणे त्याची चिरफाड सुरू केली.

भुयार खोदणारे यंत्र इमारतीखालून जाताना जमीन आठ मिलिमीटर खचेल, असे कंपनीच्या अभियंत्याचे भाकीत होते. ते चुकलेच तर कळावे म्हणून भिंतींतल्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भेग रुंदावली की पट्टी तडकते. तडकली की खोदकाम थांबवून घरे रिकामी करायची. एकही तडकलेली दिसली नाही. इमारत मात्र कोसळली, आणि अंथरुणाला खिळलेली प्राध्यापिकेची आई ढिगाऱ्याखाली गेली. जन्मभर तसबिरी मढवलेले वडील तेवढ्यात औषध आणायला उतरले होते, म्हणून वाचले.

तेव्हापासून घरात कुठे टक् झाले, की बापलेक दोघेही भिंतीकडे बघत.

"बाबा, तुम्ही नुसते बसा," सकाळी ती म्हणाली होती. "बोलायचं मी बघते."

"तुझ्यापुढे कोण तोंड उघडणार? तुझी आईसुद्धा हात टेकायची."

आता तिने कंपनीनेच काढलेले छायाचित्र समितीपुढे सरकवले. "चार पट्ट्यांच्या कडा कापल्या तशाच, धारदार. आमच्या घरातल्या पाचवीची कड घासून गुळगुळीत केलेली. म्हणजे मूळची तडकली, आणि कुणीतरी दुसरी लावली." तिने अभियंत्याकडे पाहिले. "रोज तपासायला तुम्ही येत होतात. आकडा खरा ठरवायची घाईही तुम्हालाच."

"मी नुसतं बघायचो, मॅडम. हात लावला नाही."

"बघण्यात तर तुम्ही फारच तरबेज. भाकीत वाचवायला माणूस खर्ची घातलात, एवढं कबूल करा. तुरुंग काही चुकत नाही."

मागच्या बाकावरून वडील उठले. लेखनिकाने त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले:

"पट्टी मी बदलली. तीनदा. हिच्या आईला जिन्यावरून उतरवलं तर वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. घर सोडायचं नाही, हे तिनंच ठरवलं. भेग तिच्या उशाशी होती. नवी पट्टी चिकटेपर्यंत बोटानं दाबून तीच धरायची."